टेबलखंडातली बटणं

प्रिय निवडणूक आयुक्तबाई,

टेबलखंड हा देश उभारायला एकूण काय लागलं, ते परवा मांडून पाहिलं. तुझा पंधरा दिवसांचा गोवर, बुटांचा एक खोका, जेवणाच्या टेबलावरून जमिनीपर्यंत सोडलेली चादर आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली झाडून सगळी बटणं. त्यानंतर वर्षभर माझ्या एकाही शर्टाला सारखी बटणं नव्हती, हे तेव्हा कुणी हिशेबात धरलंच नाही.

तू आठ वर्षांची होतीस. देश झाला, आता निवडणूक हवी म्हणालीस. नागरिक तीन; आयुक्त तू, अध्यक्ष मी. मी ठरवलं, अध्यक्षाला दोन मतं, कारण देशाचं वीजबिल तो भरतो. आणि बरोबरी झाली तर अध्यक्ष म्हणेल ते. म्हणजे तुम्ही मायलेकी एक झालात तरी जिंकणार मीच. तू रडून देश डोक्यावर घेतलास, तेव्हा मला दुरुस्ती सुचली: हरेल त्याला एक बटण. बटण म्हणजे पुढे कधीही वापरायचं एक जादा मत. प्रत्येकाचा डबा वेगळा. मी चौथी नापास, पंपांच्या जळक्या मोटारी दुरुस्त करत वर आलेला माणूस. पण ही पद्धत दुकानात येईल त्याला ऐकवायचो. आमच्या देशात कुणी सारखं हरूच शकत नाही, म्हणायचो.

गोवर गेला, चादर निघाली, मतदान मात्र टिकलं. तू तुझं पहिलंच बटण सायकलीवर लावलंस आणि मला हरवलंस. पुढे शाळेत रमलीस, हा पोरखेळ वाटायला लागला. आम्ही दोघं खेळत राहिलो. सुट्टीत कुठे जायचं, भिंतींना रंग कोणता, दुकान रविवारी उघडायचं का. आई हरली की हसत एक बटण डब्यात टाकायची. एकदा मी छेडलं, "वापरत का नाहीस? व्याज मिळतंय का?" म्हणाली, "साठू देत. मोठ्या कामाला लागतील."

मोठं काम आलं होतं, तुला कधी सांगितलं नाही. तुला मुलगी झाली तेव्हा आईने ठराव मांडला, दुकान बंद करून तुझ्याजवळ दोन खोल्या घ्यायच्या. मी विरोधात दोन मतं दिली. डबा तिच्या हाताशीच होता. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. तिने झाकण उघडलं आणि आत आणखी एक बटण टाकलं. म्हणाली, "तुम्हाला हरवून नेलं तर तिथे तोंड पाडून बसाल. त्यापेक्षा इथेच बरं." मी बंद शटरबाहेरून आतल्या मोटारीचं दुखणं ओळखणारा माणूस. त्या बटणाचा आवाज ऐकला आणि म्हणालो, जेवायला वाढ.

आता घरात आवाज एकट्या फ्रिजचा. कान लावून पाहिलं, त्यात बिघाडसुद्धा नाही. ती गेल्यापासून तू मला तीनदा बोलावलंस, आणि तिन्ही वेळा मी फोनवर म्हणालो, मतदान घेतलं, ठराव नापास. दोनदा तू हसलीस. तिसऱ्यांदा हसली नाहीस, तेही ऐकलं.

काल तिचा डबा फळीवरून उतरवला. कायदा तूच लिहिला होतास, वाकड्या अक्षरांत, खोक्याच्या झाकणावर: नागरिक देश सोडून गेला तर त्याची बटणं आयुक्तांकडे जमा. तू सासरी गेलीस, पण आयुक्तपदाचा राजीनामा अजून माझ्याकडे आलेला नाही. तेव्हा चौथ्यांदा मतदान घे. मी सवयीने विरोधातच देईन, तिकडे लक्ष देऊ नकोस. सगळी बटणं लाव, मला हरव आणि येऊन घेऊन जा. तोंड पाडून बसणार नाही. मोजणीसाठी तिन्ही डबे टेबलावर उघडून ठेवलेत. आईच्या डब्यात एकेचाळीस बटणं निघाली. तुझा रिकामा. माझ्यात एकच आहे, सायकलीचं.

तुझाच,
बाबा