डाव्या बाजूचा सूर

ऑर्हुस, १२ नोव्हेंबर १९८७

प्रिय आग्नेटे,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मी बरा आहे. इथे आठवडाभर समुद्रावरून वारा सुटला आहे. खालच्या मजल्यावरच्या लुनबाईंनी तळघराची किल्ली नेली, ती अजून परत दिलेली नाही. जेवणाचं म्हणशील तर काळा पाव, हेरिंग मासे आणि बटाटे. चालतं. विबेकेच्या कुंड्यांतली दोन रोपं जगली.

पियानोचं तू लिहिलं आहेस, ते कुणालाही हसू यावं असंच लिहिलं आहेस. म्हातारा डालगोर दोन महिन्यांत तीनदा येऊन सूर लावून गेला, तरी तुला पियानो बेसूरच वाटतो. शेवटी तो म्हणाला, "बाईसाहेब, पियानो गप्प बसलाय, भांडताय तुम्ही! आता कान धुऊन बघा." आणि तू त्याला कॉफी न देता घालवलंस.

मी हसलो नाही. सोमवारपासून ते पान कितीदा वाचलं कोण जाणे. मंगळवारी आणि काल फोन केला तो त्यासाठीच. दोन्ही वेळा वाऱ्याबद्दल बोललो आणि ठेवून दिला. म्हणून लिहितो आहे.

डालगोरला परत बोलावू नकोस. त्याऐवजी डाव्या कानात बोट घालून मधला एखादा सूर वाजव. मग उजव्या कानात बोट घाल आणि तोच वाजव. दोन्ही वेळा सारखा आला तरी पुढचं वाच, नाही आला तरी वाच.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. रेडिओवर ध्वनिमुद्रण करत होतो तोवर सांगणं सोपं होतं. आता विद्यापीठात मी मोजतो ते एवढंच, की एखादा सूर माणसाला किती उंच वाटतो. एका लहानशा बंद खोलीत माणसाला बसवायचं. डाव्या कानात एक सूर, मग उजव्या कानात दुसरा. दोन्ही सारखे वाटेपर्यंत त्याने बटण फिरवायचं. आमच्याकडे त्यासाठी दोन जुनी यंत्रं आहेत, एकेका कानासाठी एकेक, आणि ती तापली की सरकतात. म्हणून बाहेरची माणसं येण्याआधी आम्ही विबेकेला बसवायचो. बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवणारी बाई. तिचा कान चुकतच नसे. आम्ही तिच्यावरून यंत्रं लावायचो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तिचा डावा आकडा चुकायला लागला. डावीकडचा सूर तिला चढा लागायचा. मी आमच्या मोएन्सला, म्हणजे यंत्रं सांभाळणाऱ्याला, डावं यंत्र तपासायला सांगितलं. त्याने तपासलं. मी पुन्हा तपासायला लावलं. तेव्हा तो म्हणाला, "यंत्राला काही झालेलं नाही, टोरकिल. आता बायकोला तपास."

आतून विबेके ओरडली, "मला ऐकू येतंय हं, मोएन्स! ख्रिसमसला तुला बदक मिळणार नाही!"

आम्ही तिघंही हसलो.

नंतर मी डावं यंत्र तिच्या कानाला जुळेल एवढं खाली आणलं आणि वहीत 'यंत्रदोष' असं लिहिलं. तिचे अकरा दिवसांचे आकडे खोडले. ते अकरा दिवस मला पाठ आहेत. दोन्ही कानांच्या यंत्रांची अदलाबदल करून पाहिली असती तरी दोष यंत्रात की कानात ते कळलं असतं. दोन मिनिटांचं काम. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी ते पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

त्या उन्हाळ्यात ती एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "डावीकडे बसलेले सगळे चढे वाजवतात असं मला वाटतं. सगळेच कसे वाजवतील?" मी म्हणालो, "दमली आहेस." ती म्हणाली, "असेन." आणि ताट कपाटात ठेवलं.

चक्कर यायला लागली ती जानेवारीत. पुढचं तुला माहीत आहे. कानाच्या नसेवरची गाठ, एप्रिलमधली शस्त्रक्रिया, ते नऊ दिवस. पण एक माहीत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मला विचारलं, ऐकण्यात काही फरक पडला होता का, कधीपासून? मी सांगितलं. ते म्हणाले, वर्षभर आधी ती गाठ वाटाण्याएवढी असती.

दफनाच्या दिवशी चर्चबाहेर तू माझी बाही धरून विचारलंस, "तिला आधी काहीच जाणवलं नव्हतं?" मी 'नाही' म्हणालो. ते खोटं होतं.

आणि हे त्याहून वाईट. मे महिन्यात डॉक्टरांनी मला एक चिठ्ठी दिली. अशी गाठ काही घराण्यांत असते, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं, असं तिच्यात आहे. विबेकेला भावंड तू एकच. चिठ्ठी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात सहा महिने आहे. तुला पाठवली असती तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. रोज ठरवायचो, उद्या लिहू. तू ठणठणीत आहेस, घाई कसली, अशी मनाची समजूत घालायचो. मग सोमवारी तुझं पत्र आलं.

कदाचित काहीच नसेल. डालगोरचंच काही चुकत असेल, तोही म्हातारा झाला आहे. पण मला एकदा असंच वाटलं होतं, म्हणून आता माझ्या वाटण्यावर सोडू नकोस.

मी इथल्या रुग्णालयात वेळ घेतली आहे. पुढच्या गुरुवारी, १९ तारखेला, सकाळी सव्वादहाला. तुझ्या नावाने, तुला न विचारता. चिठ्ठी सोबत जोडली आहे. आधीच चक्कर येत असेल, डाव्या कानात गुणगुण होत असेल, तर गुरुवारची वाट बघू नकोस, आजच तुमच्या रिबे गावातल्या डॉक्टरांकडे जा आणि हीच चिठ्ठी दाखव. एकटीने गाडी चालवू नकोस.

माझ्याबद्दल तुला जे म्हणायचं असेल ते म्हणायचा तुला अधिकार आहे, आणि ते मी ऐकून घेईन. आधी तपासणी होऊ दे. उत्तरात आत्ता एवढंच लिही, 'येते'. नाहीतर फोन कर, तेवढंच बोल आणि ठेव. मी घरीच आहे. कामावर जात नाही.

तुझी इच्छा असेल तोवर तुझा मेहुणा,
टोरकिल