टपावरचा कापूस

६ नोव्हेंबर २०१७
आली एकदाची ती सोलरची बोट! धरणाच्या पाण्याले मी आधीच भिते, त्यात हे नवं सोंग. आमच्या बचत गटाले आठ दिवस वापरायले दिली आहे, पटली तर घ्या म्हणे. शेतं सारी पाण्याच्या पलीकडं, अन् गावातल्या मोईजच्या डिझेल बोटीनं आता दम सोडला. विकणारा साहेब म्हणतो, "आजी, ना धूर, ना आवाज!" मी म्हटलं, "आवाज नाही, तर माणसं येऊन राह्यली का बुडून राह्यली, घरी कसं समजावं बाप्पा?" सारे हसले.

८ नोव्हेंबर
सूनबाई प्रेरणा बोट चालवायले शिकली. हर्षल, माझा लेक, नुसता काठावर बसून. काय झालं विचारलं, तर उठून गेला.

९ नोव्हेंबर
दिवस कलला तरी वेचणीच्या बाया आल्या नाहीत. काठावर गेले तर बोट पाण्याच्या मधोमध — जागच्या जागी! वारा सुटलेला. प्रेरणा हात हलवून ओरडत होती. मी जीव मुठीत धरून उभी. शेवटी मोईजनं आपलं खटारं कसंबसं सुरू केलं, दोर बांधून बोट ओढून आणली.

झालं काय — कापूस हलका, म्हणून बाया सकाळपासून गाठोडी टपावर रचत गेल्या, बैलगाडीवर रचतो तशी. अन् सोलरच्या प्लेटा टपावरच! ऊन लागेल कुठून, अन् बॅटरी भरेल कुठून?

वेचणीवाली मनकर्णाबाई उतरताना म्हणते, "आपणच गोधडी पांघरली तिले, निजली बिचारी!" हसू आलं अन् रडूही.

१० नोव्हेंबर
"परत पाठवा ते धूड," मी म्हटलं.
प्रेरणा म्हणाली, "आई, चूक बोटीची नाही, आपली आहे. उपाशी बैल औत ओढत नाही, असं तुम्हीच म्हणता ना?"
माझीच काठी माझ्या पाठीत!

१२ नोव्हेंबर
हर्षलनं पलीकडून बोंडं आणली, माझ्यासमोर फोडली. आत गुलाबी अळी. अळी लागत नाही म्हणून तर महागाचं बीटी बियाणं पेरलं होतं!
"दुसरी वेचणी नाहीच समज, माय."
जेवला नाही. मी फवारणीचं औषध गुपचूप कोठीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली कमरेले.

१३ नोव्हेंबर
गटाच्या बायांनी मलेच विचारलं — घ्यायची का? मी हो म्हटलं! वाटलं, जाणं-येणं सोपं झालं, तर हर्षल शेतीत टिकेल.

१४ नोव्हेंबर
पहिल्या खेपेले हर्षल बसला. हातात बॅग. पलीकडून पुण्याची गाडी मिळते. चालवत प्रेरणाच होती. येताना एकटी.