चहा सांडला

घोडेगाव
शुक्रवार, दुपार

प्रिय दादाभाऊ,

माझं अक्षर बघून आधी पोटभर हसून घे. तू शाळेत म्हणायचास, बहिऱ्याचं अक्षर म्हणजे पाण्यावर निघालेली मेंढरं. एक पुढं, दोन मागं, एखादं भलत्याच वावरात. अजून तसंच आहे. मळ्यापासून हॉटेलपर्यंत चालत आलास तरी चहा गरम मिळतो, मग याला पत्र लिहायची काय हौस आली, असं तू म्हणशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी विरघळतो आणि ठरवलेलं सगळं विसरतो, एवढंच कारण आत्ता धरून चाल. दुसरंही एक आहे, ते शेवटी लिहितो.

इकडं सगळं ठीक. नातीचं बारसं झालं ते तू पाहिलंसच, नाव श्रेया ठेवलं. आत्यानं कानात नाव सांगितलं तेव्हा पोरीनं असा सूर लावला की आहुप्याच्या एसटीचा ड्रायव्हर खालून स्टँडवरून ओरडला, "हॉटेलवालं, तुमचा भोंगा बिघडला का?" एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना लागली. बाळाबाई वहिनी तुझ्यासोबत आल्या, पण पाळण्याला हात लावला नाही. आमच्या तिन्ही पोरांच्या बारशाला पहिला झोका त्यांचाच होता, या वेळी पदर सावरून लांब बसून राहिल्या. आमची मंडळी म्हणाली, थकल्या असतील. मीही तेव्हा हो म्हणालो.

आता सोमवारचं. तू आलास आणि गल्ल्याजवळच्या तुझ्या जागेवर न बसता आत फळीच्या आडोशाला जाऊन बसलास, तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं. तुझा ऋषी बाहेर गाडीत होता, इंजिन चालू. तू म्हणालास, "हर्षालीच्या घरची चौकशीला येतील. ऋषी हिरा आहे म्हणायचं. पयल्या सुनेचं विचारलं, तर तिचंच काहीतरी बाहेर व्हतं, म्हणून मोडलं, एवढं सांग. आणि बहिऱ्या, अडखळू नको." मी हसण्यावारी न्यायला बघितलं. तर तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "तुझ्याकडं आजवर काय मागितलंय का मी?"

नाही मागितलंस. खरं आहे. तुमच्या वावरात आमची मेंढरं खतासाठी बसायची तेव्हापासूनची आपली ओळख. मेंढरं पुढच्या गावाला हलली की माझी शाळा सुटायची, आणि परत आलो की तू तुझी वही उघडून बसवायचास. पुढं मी धंद्याचं डोक्यात घेतलं, तेव्हा स्टँडाच्या कडेची तुमची पट्टी चूल मांडायला मागायची माझी छाती नव्हती. तूच तुझ्या चुलत्यांशी भांडलास. "धनगराचं पोर चहा विकणार, आन आपण त्याला जागा द्यायची?" असं ते माझ्यादेखत म्हणाले. तू म्हणालास, "चहा वाईट झाला तर मी स्वतः हाकलीन त्याला." त्या चुलीचं हॉटेल झालं, वर दोन खोल्या चढल्या. लोक मला स्वतःच्या पायावर उभा राहिलेला माणूस म्हणतात. पाय माझे, पण खालची जमीन तुमची, आणि कागदावरही अजून तुमच्याच घरची. ऋषी सोमवारी निघताना मला काय म्हणाला माहीत आहे? "काका, हॉटेल मस्त वाढवलंय तुम्ही. जागा शेवटी आपलीच आहे." हसत म्हणाला. मी रात्रभर ते हसणंच ऐकत पडलो होतो.

चौकशीची रीत तुला नव्यानं सांगायला नको. आपल्याकडं स्थळाची चौकशी करणारा कधी सरळ विचारत नाही. आधी कांद्याचा भाव काढतो, मग चहाला नावं ठेवतो, मग म्हणतो, "पावणं, हे दादाभाऊंचं घर कुठल्या अंगाला?" आणि आपणही कुणाचं वाईट बोलत नाही. घर चांगलं आहे म्हणतो, विहिरीला बारमाही पाणी आहे म्हणतो, माउली लई गरीब स्वभावाची आहे म्हणतो, आणि मुलावर आलं की उठून दूध बघायला जातो. जाणता माणूस कप तसाच ठेवून निघतो. या पद्धतीनं मी कितीतरी पोरी वाचवल्या आणि एकाही घराशी वैर घेतलं नाही. तू तर हे माझ्याकडं बघतच म्हातारा झालास. म्हणूनच "अडखळू नको" म्हणालास. मी दूध बघायला उठलो, तर ते उत्तर होणार हे तुला ठाऊक होतं.

दादाभाऊ, मी ऋषीच्या बाबतीत का अडखळणार, हेही तुला ठाऊक आहे. तरी एकदा कागदावर येऊ दे. गेल्या हिवाळ्यात ऋषी आणि तुमची सून ऋतिका लेण्याद्रीवरून येताना माझ्याकडं थांबले होते. फॅमिलीच्या फळीपलीकडं बसले. मी अलीकडं कांदा चिरत होतो. इतरांचा आवाज रागानं चढतो, ऋषीचा उतरतो. अगदी लाडानं बोलल्यासारखा म्हणाला, "फोन दे. आता हात पुढं कर." ती म्हणाली, "चुकलं हो." मग मला चहाचा आवाज आला. सांडलेला चहा एकदम येतो. कप आपटतो, बशी वाजते, माणूस खुर्ची मागं सारतो. तसं काही झालं नाही. बारीक धार आली. सावकाश. मी चहाच्या धारेवर आयुष्य काढलंय, दादाभाऊ, ओतलेला चहा मला कळतो. पडदा सारून आत गेलो तर तिचा हात ओढणीत होता आणि ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "काही नाही काका, चहा सांडला." मी बर्फ दिला. संध्याकाळी तुझ्याकडं येऊन सगळं सांगितलं. तू गव्हाणीत वैरण टाकत होतास. हात न थांबवता म्हणालास, "नवराबायकोचं असतं, बहिऱ्या." महिन्याभरात तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. नंतर गावात तिच्याबद्दल काय पसरलं ते मी ऐकलं, आणि पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं तेही ऐकलं. तुझ्या तोंडून नव्हतं. तू तेव्हा नुसता गप्प बसायचास.

सोमवारपासून मी वाट बघत होतो ती हर्षालीच्या मामाची किंवा काकाची. फेटेवाला माणूस दारात दिसला की मी हातातलं फडकं खाली ठेवायचो. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते, विहीर, बारमाही पाणी, सगळं. पण आला कुणीच नाही. काल ती पोरगी स्वतः आली. एकटी, स्कूटीवर, औषधाच्या दुकानातल्या नोकरीवरून सुटून थेट. कांद्याचा भाव नाही, काही नाही. समोर बसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही ऋषीला लहानपणापासून बघताय. पहिलं लग्न का मोडलं? मला राहायचंय तिथं, म्हणून मला ऐकायचंय." इतक्या वर्षांत मला असं कुणी सरळ विचारलं नव्हतं. मी सवयीनं म्हणालो, "घर चांगलं आहे, पोरी." ती म्हणाली, "घराशी लग्न करत नाहीये मी." मी दूध बघायला उठलो. भटारखान्याच्या दारात उभा राहिलो. आत दूध शांत होतं, उतू जायचं नावही नव्हतं. मागं वळून बघितलं तर ती निघाली नव्हती. तिला आपली रीत कळतच नव्हती, किंवा कळूनही तिला ती मान्य नव्हती. मी न बोलता तिला परत पाठवलं असतं तर ती गप्प बसण्याला होकार समजली असती.

मी परत येऊन बसलो आणि सांगितलं. जेवढं माझ्या कानांनी ऐकलं तेवढंच, एक शब्द जास्त नाही. ऋतिकाचं बाहेर काही होतं ही गोष्ट खोटी आहे, हेही सांगितलं. तिनं मधे एकदाही विचारलं नाही की खात्री आहे का. शेवटी म्हणाली, "धार?" मी मान हलवली. ती स्वतःच्या हाताकडं बघत बसली.

रागावलास ना? रागाव. तू हात धरून मागितलेली एकच गोष्ट मी दिली नाही. जागा काढून घ्यायची तर घे, मी चूल दुसरीकडं मांडीन, मला मांडता येते. पण काल ती पोरगी गेल्यावर माझ्या डोक्यात जे सुरू झालं ते जागेचं नाही. तिच्या घरून नकार येणार. तो नकार तुमच्या घरात कुणावर उतरणार?

तुझा सोमवारचा आवाज मी पुन्हा पुन्हा ऐकतोय. तू बोलत असताना बाहेर गाडीचं दार वाजलं आणि तुझं वाक्य मधेच तुटलं. चुलत्यांसमोर छाती काढून उभा राहिलेला माणूस, राव, स्वतःच्या पोराच्या गाडीचं दार वाजलं म्हणून दचकतो? आणि बारशाच्या दिवशी मी शेजारच्या खोलीत पेढे लावत होतो. आमच्या मंडळींनी वहिनींना विचारलं, पदराखाली हाताला काय बांधलंय. वहिनी म्हणाल्या, "काय न्हाई गं, चहा सांडला." शब्द तेच. आवाजही तोच, ऋतिकाचा. मी पेढ्यांचं ताट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. तुम्हाला सून नकोय, दादाभाऊ. तुम्हाला तुमच्या आणि त्याच्या मधे उभं राहायला कुणीतरी हवंय. मी तुला दोष देत नाही. भ्यालेला माणूस जो हाताला लागेल त्याला पुढं करतो. पण ती दुसऱ्याची लेक आहे.

तर आता पत्राचं खरं कारण. तुझा फोन ऋषी बघतो हे मला कळलंय, म्हणून हे पत्र आमच्या हॉटेलातल्या भागूच्या हातून, पेंडीच्या पोत्यात घालून, उद्या सकाळी तो तुझ्याकडं दूध न्यायला येईल तेव्हा. वाचून झालं की चुलीत घाल. हर्षालीला मी सांगितलंय, नकार सोमवारी कळवा, आणि पत्रिका जुळत नाही एवढंच म्हणा, माझं नाव निघालं तरी हरकत नाही. म्हणजे रविवार आपल्या हातात आहे. तुम्ही दोघं घरात लेण्याद्रीला जाऊन येतो म्हणून सांगा. त्याला पायऱ्या चढायचा कंटाळा, तो येणार नाही. स्टँडवर या, पण जुन्नरच्या गाडीत चढू नका. शेजारी आहुप्याची उभी असेल, तिच्यात बसा. वर डोंगरात, आहुप्याला, माझा भाऊ चिमाजी उतरवून घेईल. त्याच्या घरी तुमची खोली सारवून तयार आहे, आणि तिथं फोनला रेंज नाही, हे पहिल्यांदाच मला बरं वाटतंय. सामान घेऊ नका, वहिनींचं औषध तेवढं घ्या. गुरांचं भागू बघेल, तू पहिलं तेच विचारणार म्हणून आधीच लिहितो. पोलिसांचं, वकिलाचं, जमिनीचं काय करायचं ते वर शांत बसून ठरवू. ऋषी पहिल्यांदा माझ्याकडंच येईल, येऊ दे. रविवारी मी तुमच्याकडं बघणार नाही, ओळखही दाखवणार नाही. गल्ल्यावर पाठ करून बसेन. तू डावी चप्पल घासत चालतोस आणि वहिनींची जोडवी माझ्या फरशीवर वाजतात, गर्दीतही मला दोन्ही कळतात. एवढंच मागणं माझं तुझ्याकडं. मला दोघांची पावलं ऐकू येऊ दे.

तुझाच, आणि तुझ्याच जागेवरचा,
बहिरू