श्रुतिकाचं वचन

पोलादपूर
१४ जुलै २०२४

प्रिय कालिंदी हिस,
चिंतामणीदादाचे अनेक आशीर्वाद व प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

पोलादपूरहून बिरवाडीला कोणी टपालाने पत्र पाठवतं का, म्हणून हसशील. निदान हसावंस अशी माझी इच्छा आहे. पण मला दुसरा मार्ग उरलेला नाही. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेल्यापासून फोन माझ्या उपयोगाचा नाही आणि व्हॉट्सॲप तू काढून टाकलंस. परवा तुझी वहिनी तुझ्या दारात अर्धा तास उभी होती. आत पंखा चालू असल्याचं तिला ऐकू येत होतं. तू दार उघडलं नाहीस. ती रागावलेली नाही, घाबरली आहे.

रुचिरला जाऊन दोन महिने झाले. दफनाच्या वेळी मी तुझ्या शेजारीच उभा होतो, आठवतं ना? चाळीस वर्षं आपल्या चर्चच्या मंडळीत लग्नाला, मयताला, सणाला बायबल, आपलं शास्त्र, मीच वाचत आलो. आणि माझ्या एकुलत्या भाच्यासाठी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. पाळकांनी वाचलं ते मला ऐकूही आलं नाही. मी नुसता तुझ्या चपलांकडे बघत होतो. दोन वेगवेगळ्या जोडांतल्या दोन चपला घालून तू आली होतीस.

मी तुला शास्त्रातलं एकही वचन लिहून पाठवणार नाही, हे आधीच सांगतो. तू फक्त चार ओळी लिही. जेवतेस का, शाळेत कधी रुजू होणार, सूनबाई श्रुतिका कशी आहे. तुझं अक्षर लागत नाही अशी तक्रार मी करणार नाही, शाळामास्तर असलो तरी.

राग असला तर असू दे, पण माया तोडू नकोस.
तुझा,
दादा


बिरवाडी
२२ जुलै २०२४

ती. दादास,
कालिंदीचा सलाम वि. वि.

वचन लिहिणार नाहीस म्हणालास, म्हणून उत्तर देते आहे.

तुला सगळं माहीत नाही. कारखान्यात आग लागली त्या दिवसापासून रुचिर एकोणीस दिवस त्या भाजलेल्यांच्या वॉर्डात होता. तिथे मुंबईचा एक प्रार्थनेचा गट रोज यायचा. चांगली माणसं होती, डबा आणायची. त्यांच्यातली एक बाई मला रोज एका चिठ्ठीवर एक वचन लिहून द्यायची आणि सांगायची की हे रुचिरसाठीच आहे, शंका घेऊ नका, तो उठणार. मी एकोणीस चिठ्ठ्या त्याच्या उशाखाली ठेवल्या. मी शंका घेतली नाही, दादा. डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवून स्पष्ट सांगितलं, तरी मी त्यांना म्हटलं की तुम्ही तुमचं काम करा. शेवटच्या दिवशी रुचिर पाणी मागत होता आणि मी त्याला त्याच्या बरं होण्याबद्दल सांगत बसले. त्याला निरोप द्यायचा राहिला. नंतर ती बाई म्हणाली की कुठेतरी विश्वास कमी पडला असेल.

शास्त्र कपाटात खाली, जुन्या चादरींच्या मागे ठेवलं आहे. जाळलं नाही एवढंच.

श्रुतिका माझ्याजवळ आहे. तेवढंच माझं उरलं आहे. तिचे वडील सहदेव मागच्या आठवड्यात वाडीवरून तिला न्यायला आले होते. मी त्यांना चहा देऊन परत पाठवलं. लग्नात तूच दिलेली ती चौकट आमच्या बाहेरच्या खोलीत आहे ना, शास्त्रातल्या त्या सुनेने सासूला दिलेल्या वचनाची, की तू जाशील तिथे मी येईन आणि तुझे लोक ते माझे लोक. लग्नाच्या दिवशी श्रुतिकाने ते सगळ्यांसमोर वाचलं होतं. तिला आठवण करून दिली. ती जाणार नाही म्हणाली. सहदेव एकटेच परत गेले.

तेव्हा माझी काळजी नको. वहिनीला सांग, दार उघडायला पाय उठले नाहीत.

तुझी माया आहे, हे मला कळतं. ती तशीच राहू दे.
तुझी,
कालिंदी


बिरवाडी
३० जुलै २०२४

ती. मामांस,
श्रुतिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिवायची सवय नाय, शाळेत दहावीला लिवलं होतं तेवढंच. चुकलं तर सांभाळून घ्या. आई झोपल्यात दुपारच्या, म्हणून लिवते. तुमचं पत्र आलं तेव्हा पाकिटावरून पत्ता उतरून ठेवला होता.

मामा, आई वाईट नायत. माझ्या आधी मला वाढतात. मी लग्न करून आले तेव्हा आमच्या वाडीवर सगळे बोलले, पोरगी दुसऱ्या धर्मात गेली, आता तिला पाणी पण कोण विचारणार नाय. तेव्हा आईंनीच आमच्या घरी येऊन माझ्या आईचे पाय धरले होते. ते मी विसरणार नाय.

पण आता रोज सकाळी चहा झाला की आई मला चौकटीसमोर उभं करतात आणि ते वाचायला सांगतात. मोठ्याने. मी वाचते. वाचून झालं की त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवतात आणि दिवसभर बऱ्या असतात. एक दिवस मी नाय वाचलं, तर त्या जेवल्या नायत.

मी ते वाचलं होतं त्याच्यासाठी. तो हसत होता समोर. आता त्या अक्षरांकडे न बघताच म्हणते. खोलीत त्याचे बूट हायत, हेल्मेट हाय, मला तिथं श्वास घेववत नाय. गिळवत पण नाय काही. गेल्या महिन्यात वजन सात किलो उतरलं. मला आईकडे जायचं हाय, मामा. माझ्या आईकडे. असं बोलले तर देव रागावेल का? शास्त्रात तसं लिवलं हाय का? तुम्ही एवढी वर्षं वाचलंय, म्हणून विचारते.

हे आईंना सांगू नका.

तुमच्या आशीर्वादाची,
श्रुतिका


पोलादपूर
५ ऑगस्ट २०२४

प्रिय कालिंदी हिस,
दादाचे आशीर्वाद व सलाम वि. वि.

इथे पाऊस खूप आहे. कशेडी घाटात दरड आली म्हणून काल हायवेवर ट्रकांची रांग आपल्या नाक्यापर्यंत लागली होती. तुझ्या वहिनीने आठ ड्रायव्हरांना चहा पाजला. त्यांनी मला दोन-तीन प्रश्न विचारले आणि मी उत्तर देत नाही हे पाहून मला शिष्ट समजले.

आज तुला एक कबूल करायचं आहे. आवाज जाऊ नये म्हणून मी फार प्रार्थना केली होती. गेलाच. त्यानंतर पहिल्या रविवारी घरी शास्त्र उघडून बसलो, तर मला वाचता येईना. अक्षरं दिसत होती, पण मोठ्याने म्हणायची सवय, कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, कुठे बायका डोळे पुसतात, हेच मला येत होतं. लोकांना कोणता भाग आवडतो ते मला पाठ होतं. त्याच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. कालिंदी, चाळीस वर्षं मी वाचून दाखवलं. वाचलं नाही. बासष्ट वर्षांच्या माणसाला हे कळतं तेव्हा त्याचं काय होतं, ते तुला सांगता येणार नाही. तीन महिने मी पुस्तकाला हात लावला नाही. मग मुलं पहिलीत वाचतात तसं, बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून सुरू केलं. बरं वाटतं असं नाही. कित्येक दिवस काहीच वाटत नाही.

त्या चौकटीबद्दल मी तुझा अपराधी आहे. मी तिच्यात फक्त दोन ओळी लावून दिल्या. त्या दोन ओळी ज्या गोष्टीतल्या आहेत, ती गोष्ट चारच अध्यायांची आहे. चादरींच्या मागून शास्त्र काढ. ती गोष्ट अगदी पहिल्या ओळीपासून वाच. रोज एकदा, आठ दिवस. प्रार्थना करू नकोस, येत नसेल तर. मला त्यात काय दिसलं ते मी सांगणार नाही, कारण मी सांगितलं तर ते पुन्हा वाचून दाखवल्यासारखंच होईल.

एवढं कर. माझ्यावर जीव आहे म्हणून कर, बाकी कशासाठी नको.
तुझा,
दादा


बिरवाडी
१३ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सलाम.

पाच दिवस वाचलं. तू हे मला का वाचायला लावलंस? त्या सासूचाही नवरा मेला, दोन्ही मुलगे मेले, इथपर्यंत ठीक. पण शेवटी तिच्या मांडीवर नातू आहे आणि शेजारणी आनंद करताहेत. माझ्या मांडीवर कोण येणार आहे? श्रुतिकाला दिवस गेलेले नाहीत. मी तारखा मोजल्या, लाज सोडून तिला विचारलंही. शेवट गोड असलेल्या गोष्टी सांगायला ती वॉर्डातली बाई होती, तू कशाला पाहिजेस?

आज वाचणार नाही. उद्याचं माहीत नाही.

कालिंदी


बिरवाडी
१ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
कालिंदीचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

मागचं पत्र विसर म्हणणार नाही, ते खरंच होतं. पण त्यानंतर जे झालं ते क्रमाने सांगते.

तीन दिवस वाचलं नाही. मग राग आला म्हणूनच उघडलं, त्या गोड शेवटात चूक काढायची म्हणून. आणि शेवटापर्यंत पोचलेच नाही. पहिल्याच अध्यायात अडकले. ती सासू आपल्या गावी परतते, गावातल्या बायका तिला नावाने हाक मारतात, तेव्हा ती म्हणते की मला त्या गोड नावाने हाक मारू नका, माझं आयुष्य देवाने कडू केलं आहे, भरलेली गेले होते, रिकामी आले. सगळ्या गावासमोर म्हणते. मी पुढे वाचत गेले, आता तिला कोणी गप्प करेल, आता कोणी म्हणेल की तुझा विश्वास कमी. कोणी म्हणत नाही, दादा. देवही म्हणत नाही. तिचं ते बोलणं तसंच लिहून ठेवलं आहे. मी कपाटासमोर जमिनीवर बसले होते, तशीच पडून रडले. रुचिर गेल्यावर पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आधीच्या ओळी वाचल्या. तिथे मला माझं तोंड दिसलं. ती सासू आपल्या दोघी सुनांना वाटेत थांबवून सांगते की परत जा. आपापल्या आईकडे जा, तुम्हाला पुन्हा नवरा मिळो, घर मिळो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगते. तिच्याजवळही दुसरं काही उरलं नव्हतं. तरी ती त्यांना धरून ठेवत नाही. आणि तुझ्या चौकटीतल्या त्या दोन ओळी सुनेने कोणी म्हणायला लावल्या म्हणून म्हटलेल्या नाहीत. जायला सांगितल्यावर, रस्त्यात उभं राहून, आपल्या मनाने म्हटल्या आहेत. मी मात्र ते रोज सकाळी त्या पोरीकडून वदवून घेत होते, औषधाच्या गोळीसारखं, माझ्यासाठी.

आणि ती दुसरी सून, जी रडून, सासूचा मुका घेऊन माहेरी परत गेली, तिला शास्त्रात एक वाईट शब्द नाही. मी पुन्हा पुन्हा शोधला.

मग मी श्रुतिकाकडे नीट पाहिलं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला हे तीन महिने दिसलं नव्हतं. मी एकोणीस दिवस रुचिरचंही ऐकलं नव्हतं. माझ्या हातात वचन होतं आणि समोरचं माणूस मला दिसत नव्हतं.

मी तिला सांगितलं की तू जा. ती नाही म्हणाली. मला वाटलं, आता हीसुद्धा त्या राहिलेल्या सुनेसारखी मला बिलगेल. खोटं कशाला लिहू, मला तेच हवं होतं. मी पुन्हा सांगितलं की जा, तुझ्या आईकडे जा. तेव्हा ती खाली बसली आणि तिने विचारलं, आई, देव रागावणार नाय ना? मी म्हटलं, नाही. हे मी चिठ्ठीवरचं वाचून नाही सांगितलं, मला ठाऊक होतं म्हणून सांगितलं. मग ती लगेच उठून बॅग भरायला लागली. इतक्या लगेच, की मला स्वयंपाकघरात जावं लागलं.

गेल्या मंगळवारी तिला घेऊन वाडीवर गेले. पोलादपूरला उतरलो तेव्हा तुझ्याकडे यायचं मनात आलं, पण मग मी पुढे गेले नसते. चढावर ती पुढे आणि मी मागे. तिची आई रखमा नाचणीच्या शेतात तण काढत होती. तिने मान वर केली आणि विळा तिथेच टाकून धावली. श्रुतिका तिच्या गळ्यात पडून, मी आजपर्यंत ऐकला नाही अशा आवाजात रडली. माझ्या घरी ती तोंड दाबून रडायची. मी बांधावर उभी होते. मग रखमाला म्हटलं की पोरगी अजून लहान आहे, दोन वर्षांनी, तिला पाहिजे तर, चांगलं घर बघा, मी लग्नाला येईन. रखमाने माझा हात धरला. निघताना श्रुतिकाने माझा मुका घेतला आणि घरात गेली. मी वळणापर्यंत तीनदा थांबले. ती बाहेर आली नाही.

खाली येऊन महाडची गाडी पकडली. खिडकीजवळ जागा मिळाली आणि एकदम तोंडातून निघालं. मी देवाला म्हटलं, त्या सासूबरोबर एक सून तरी राहिली होती, माझ्याबरोबर तू कोणालाच ठेवलं नाहीस. असंच म्हटलं. तू रुचिरला पाणीसुद्धा नीट पिऊ दिलं नाहीस. तू गप्प बसलास. खूप वेळ बोलत होते बहुतेक, कारण शेजारच्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवून विचारलं की फोनवर आहात का. मी नाही म्हटलं. त्या जरा सरकून बसल्या. मी बोलतच राहिले, महाड येईपर्यंत.

उत्तर आलं नाही. घरी आल्यावरही नाही. काल नाही, आज नाही. पण मे महिन्यानंतर मी त्याच्याशी पहिल्यांदाच बोलले.

आता मी शास्त्रातली स्तोत्रं घेतली आहेत, पहिल्यापासून. घरात कोणी नसल्यामुळे हळू वाचावं लागत नाही.

पुढच्या रविवारी तुझ्याकडे येते. तुला बोलता येत नाही आणि मला बोलायचं नाही, तेव्हा जमेल. वहिनीला म्हणावं, भात दोघांपुरता नको, तिघांपुरता लाव.

मला धरून राहा, दादा, मी पुन्हा दार लावून घेतलं तरी.
तुझी,
कालिंदी