परवान्याची पाटी

तपासनीस साहेब,

बांधकामाची परांची तपासायला आलात आणि गाडीतून उतरलाही नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, तुम्ही तर उंटाची काचही अर्धीच उघडलीत. बांबूंची एक गाठ चाचपून पाहिली नाहीत. म्हणालात, "परवान्याची पाटी वाकडी आहे. सरळ करा, मग सही."

केली सरळ. झाली सही.

दुपारी माझा धाकटा भाऊ गिलावा करता करता परांचीच्या कठड्यासकट खाली आला. कंबर मोडली. चौकशीत तुम्ही छाती ठोकून सांगितलंत, पाटी नियमाप्रमाणे होती. होतीच. अजून ओळंब्यात सरळ आहे.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुमच्यासारखा माणूससुद्धा विचारेल, पाटी ताणायला तार कुठून आणली.

कठड्याची सोडली, साहेब. मीच.

आपला आज्ञाधारक,
परांचीवाला