भीमा तिकडं जात नाही

आबा, मी कोण ते आठवतंय का? तुमचा भरवसा नाही. कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस तुम्ही, वर जाऊन लेकीला विसरला असाल तर नवल नाही. मी तुमची थोरली. अक्षर मला कधी आलंच नाही, म्हणून मी सांगते आणि नात लिहून घेते. माझ्या शिव्या तेवढ्या गाळते.

परवा तिनं मला अलिबागला नेलं. तिथं पाण्यात किल्ला आहे, ओहोटीला चालत जाता येतं. लुगडं खोचून मी चालतेय, पायाखालून वाळू सरकतेय, नात पाट्या वाचतेय. ही तोफ, हे गणपतीचं देऊळ, ही गोड्या पाण्याची विहीर. चहूकडं खारं आणि मधे गोड! पण मी किल्ला बघायला गेलेच नव्हते. वडगाव रासाईला तुमच्या अस्थी भीमेत सोडल्या, तवा भटजी म्हणाले होते, नदी शेवटी समुद्राला मिळते. म्हटलं, एवढ्या वर्षांत आबा पोचले असतील.

तटाखाली उतरून पाण्याला हळदकुंकू वाहिलं. म्हणाले, “आबा, तुमाला हितं आणलं न्हाई, माफी करा.”

नातीनं विचारलं, “आजी, कुणाशी बोलतीस?” सांगितलं सगळं. मग हळूच म्हणाली, “आपली भीमा इकडं येतच नाही गं. ती उगवतीला जाते, कृष्णेला मिळते. तिचा समुद्र पार दुसऱ्या अंगाला.”

“म्हंजी मी परक्याच्या दारात माफी मागितली व्हय?”

दोघी हसलो. येताना मात्र मी घाटभर खिडकीकडं तोंड करून बसले.

शेवटच्या वर्षी तुम्ही म्हणाला होता, “पोरी, एकदा समुद्र दाखव.” मी म्हणाले, कांद्याची काढणी आहे, सवड नाही. काढणी चार दिवसांत उरकली, आबा. तुम्हाला गाडी लागायची. गाडीत बरोबरच्या सासरच्या माणसांपुढं ओकाल, याची मला लाज वाटली. हे त्या समुद्रालाही सांगितलं नाही. बरं झालं, तो आपला नव्हता.

नात विचारते, पत्र टाकायचं कुठं? ठेव म्हटलं ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली. आणि हे लिहून ठेव पोरी, भीमेच्या समुद्राला कुणी निघालं तर बाजरीच्या दोन भाकरी आन् कारळ्याची चटणी बांधून द्यायची. भाकरी जाडच थाप. पातळ दिली तर आबा रुसत्यात.