गाडीचा खालचा अर्धा भाग

मी, लिबुशे कोझेलोव्हा, वय अडुसष्ट, कारखान्याच्या आरेखन विभागातून निवृत्त, राहणार व्सेतीन, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र टाइप करून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी नाही, आणि ती बदलायला मंगळवारी मला ओलोमोउत्सच्या इस्पितळात जायचं आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही. मीही आयुष्यभर गाडीखाली शिरताना हेच म्हणत आले, पण जॅकच्या जोडीला लाकडाचा ठोकळा लावल्याशिवाय कधी शिरले नाही. हा कागद म्हणजे तो ठोकळा समजावा.

कलम १. यापूर्वी मी कुठे काही लिहून किंवा बोलून ठेवलं असेल ते रद्द समजावं. विशेषतः गेल्या नाताळात, आलुबुखाराची दारू, स्लिव्होवित्से, घेतल्यावर, मी जेवणाच्या टेबलावर जे बोलले ते.

कलम २. राहत्या घरातला माझा हिस्सा माझे पती ओल्द्रिख कोझेल यांना मिळावा. टेकडीवरची आलुबुखाराची झाडं आणि बँकेतली शिल्लक आमची मुलगी हेडविका हिला. झाडांची छाटणी तिने स्वतः करावी. बापाला करू देऊ नये. तो फांदी तोडताना फळ बघतो, कोंबाचा डोळा बघत नाही.

कलम ३. गॅरेजमधली हत्यारं, म्हणजे पाने, जॅक, स्प्रिंगा दाबायचा शिकंजा आणि ठरलेल्या ताकदीला "टक" असा आवाज करणारा टॉर्कचा पाना, हीसुद्धा हेडविकाला. या पान्यावर आमच्या शेजारच्या गॅरेजचे मालक हानाक यांचा कित्येक वर्षं डोळा आहे. "लिबुशेबाई, तुमच्यामागे हा पाना माझ्याकडे आला तर त्याला घरच्यासारखं वाटेल," असं ते मला तोंडावर म्हणाले आहेत. कायद्याप्रमाणे मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून मी हानाक यांना साक्षीदार केलं आहे.

कलम ४. आता गाडीविषयी. आमच्याकडे दोन दारांची एक लाल कूपे आहे, इंजिन मागे असलेली, लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेली. ती आम्हा दोघांची आहे, म्हणजे अर्धी त्याची, अर्धी माझी. कोणती अर्धी ते कायद्याने सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते. वरचा अर्धा भाग ओल्दाचा, म्हणजे माझ्या ओल्द्रिखचा. पत्रा, रंग, काचा, स्टीअरिंग आणि टाळ्या त्याच्या. खालचा अर्धा माझा. नोटरीबाईंनी मला समजावलं की मालमत्तेला खालचा आणि वरचा अर्धा नसतो. मी त्यांना म्हटलं, "बाई, तुम्ही एकदा गॅरेजमध्ये गाडीखालच्या खड्ड्यात उतरून वर बघा, मग बोलू."

खालचा अर्धा माझा कसा, त्याची हकीकत अशी. त्या काळच्या अशा गाड्यांत मागची चाकं गिअरबॉक्सला टांगलेल्या दोन दांड्यांवर झुलत. वळणावर जोर आला की चाक पोटाखाली दुमडायचं आणि गाडीची मागची बाजू पुढे जायला बघायची. आमच्या डोंगरात तर एकापाठोपाठ एक वळणं. ओल्दा जुन्या गाड्यांच्या रॅलीत जायला लागला तेव्हा पहिल्याच वर्षी तो एका बटाट्याच्या शेतात जाऊन थांबला, तोंड आल्या वाटेकडे करून. घरी येऊन म्हणाला, "रस्ता ओला होता." रस्ता कोरडा होता. शेत ओलं होतं.

मग मी कामाला लागले. त्याच घराण्यातली, पण नंतरची एक सेडान भंगारात मिळाली. तिची मागची चाकं धरायला तिरके आर्म होते. त्यांच्यावर चाक कितीही खालीवर झालं तरी रस्त्याला बऱ्यापैकी ताठ उभं राहतं. ते आर्म आमच्या कूपेखाली बसवायचे म्हणजे आधाराचे ब्रॅकेट नवे करायला हवे होते. मी ते आरेखले, हानाकांनी जोडले. आखूड, ताठ स्प्रिंगा आणल्या, नवे शॉक ॲब्सॉर्बर आणले, पुढच्या चाकांच्या सांध्यांतले रबरी बुश बदलले. चाकं सरळ आहेत की नाहीत ते गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणून मोजलं. अख्खा हिवाळा मी खड्ड्यात होते. गुडघ्यांनी तेव्हाच राजीनामा दिला.

इथे एक नोंद करते. रबरी बुशचे बोल्ट चाकं हवेत लटकत असताना कधीही शेवटचे आवळायचे नसतात. गाडी चाकांवर उभी करायची, आत बसणाऱ्यांचं वजन ठेवायचं, आणि मग आवळायचे. नाहीतर रबर जन्मभर पिळलेलं राहतं आणि फाटतं. मी बहिणीकडे गेले होते तेव्हा ओल्दाने मला आनंदाचा धक्का द्यावा म्हणून ते लटकत्या चाकांवर आवळले. धक्का बसला. बुश महिन्याभरात फाटले.

म्हणून दुसऱ्या वेळी मी समोर उभी राहिले आणि त्याला वाळूची पोती भरायला सांगितलं. त्याने दोन भरली, तराजूवर ठेवली आणि सीटवर आणून ठेवली.

"हे ब्याऐंशी, म्हणजे मी," तो म्हणाला. "आणि शेजारी हे छप्पन."

"छप्पन कोण?" मी विचारलं.

"अगं, शेजारी बसणारी."

"ओल्दा, मी छप्पन किलोची शेवटची होते तेव्हा शाळेत होते."

तो हसला नाही. पोत्याची गाठ नीट करत म्हणाला, "ब्लांका येते म्हणाली. नकाशा चांगला वाचते. तुला तर गाडी लागते."

अशा रीतीने मला कळलं. ब्लांका मारेशोव्हा, चौकातल्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण, विधवा, छप्पन किलो. आणि मी खाली उतरले, त्या छप्पन किलोंच्या हिशोबाने सगळे बोल्ट आवळले आणि पाना प्रत्येक बोल्टला "टक" म्हणाला. काम ते काम.

त्यानंतर गाडी वळणावर अशी बसायला लागली की लोक कुंपणापाशी थांबून बघत. वेळ अचूक साधायच्या त्या रॅलीत दोघांनी चषक आणला. चषकावर दोन नावं कोरली आहेत, कोझेल आणि मारेशोव्हा. वर्तमानपत्रात फोटो आला, ती रुमाल बांधून, हा दात काढून. पावाच्या दुकानात मला बाई म्हणाली, "तुमच्या ओल्द्रिखरावांची काय छान जोडी जमली आहे हो!" मी पाव घेतला, पैसे दिले आणि बाहेर येऊन पाव दाबला तो पार चपटा होईपर्यंत. नाशपातीच्या पोळ्यांचा डबाही दर वेळी माझाच असे. परत यायचा रिकामा, आणि निरोप यायचा, "ब्लांका म्हणाली, अप्रतिम."

त्यांच्यात तसलं काही आहे का? नाही. मला ठाऊक आहे, मी नवऱ्याला ओळखते. तो खोटं बोलला तर त्याचे कान लाल होतात. त्या बाबतीत मला मत्सर नाही. मत्सर आहे तो त्या सीटचा. ज्या वळणावर गाडी आता डगमगत नाही, ते वळण मी आतून एकदाही घेतलेलं नाही. ते तिने घेतलं. मी जेवण वाढलं आणि ताटावर दुसरी बसली, असं मला चार वर्षं वाटत आलं आहे, आणि झडप बिघडली ती त्यानेच असं मी डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, तसं शास्त्रात नाही.

कलम ५. ब्लांका मारेशोव्हा यांना गाडीचा जुना, मूळचा मागचा ॲक्सल मिळावा. तो गॅरेजच्या भिंतीशी आहे, गंजलेला. त्यांनी तो स्वतः उचलून न्यावा.

कलम ६. हे कलम लिहिताना व्यत्यय आला, तो आहे तसा नोंदवते. ओल्दा कॉफी घेऊन आला.

"काय टाइप करतेस मघापासून?"

"मृत्युपत्र."

"मंगळवारी मरायचं ठरवलंस का?"

"तुझ्या सोयीने ठरवू. शनिवारी रॅली आहे ना?"

त्याने चष्मा लावला, पानं उचलली आणि उभ्याउभ्या वाचायला लागला. मी अडवलं नाही. बटाट्याच्या शेतापाशी तो म्हणाला, "रस्ता खरंच ओला होता." बुशपाशी म्हणाला, "हे कशाला लिहिलंस? सगळ्यांना कळेल." मी म्हटलं, सगळ्यांना माहीत आहे. मग पुढचं वाचलं आणि तो खुर्चीवर बसला.

"चार वर्षं?" तो म्हणाला. "मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस?"

"तुला गाडी लागते म्हणून नाही विचारलं!"

"मूर्खा, एकदा लागली होती. तेव्हा पोटात हेडविका होती!"

मला वाटलं आता सॉरी म्हणेल. पण तो भडकला.

"आणि माझं काय? अख्खा हिवाळा तू आणि तो हानाक खड्ड्यात. वर मला नुसते तुमचे आवाज. हसायचात. मी वाकून विचारायचो काय झालं, तर तू म्हणायचीस, काही नाही, दिवा धर. मी दिवा धरून उभा, लिबुशे. माझ्याच गाडीपाशी, खांबासारखा! ब्लांका मला निदान विचारते, ओल्द्रिख, पोचू ना वेळेवर? तू कधी मला काही विचारलंस? तुला सगळं आधीच माहीत असतं."

"तू हानाकवर जळतोस?" मी विचारलं.

"जळतो."

"त्याच्या अंगाला लसणाचा वास येतो, ओल्दा."

"तरी जळतो," तो म्हणाला. कान लाल झाले नव्हते.

मृत्युपत्र करणारी हे त्याचं म्हणणं नोंदवते. मान्य करत नाही. पण दिवा धरण्याविषयी तो बोलला ते खरं आहे.

मग तो म्हणाला, "शनिवारी तू बस." मी म्हटलं, आत्ता फोन कर, माझ्यासमोर. त्याने केला. पलीकडून ती इतकं मोठ्याने बोलते की मला सगळं ऐकू आलं. "अहो, हे फार छान झालं! मीच सुचवणार होते. त्यांना म्हणावं, तिसऱ्या घाटात डावीकडे बघा, तिथून खालचं सगळं दिसतं." ती इतकी चांगली वागली की माझा आणखीनच जळफळाट झाला. तिसऱ्या घाटात डावीकडे काय दिसतं ते मला तिने सांगावं! मी उजवीकडे बघणार आहे.

कलम ७. उद्या, शुक्रवारी सकाळी, बुशचे मागचे आणि पुढचे सर्व बोल्ट सैल झाले की मी शेजारच्या सीटवर बसणार आहे, जशी आहे तशी, कोटासकट. मला वाकायला मनाई असल्यामुळे खड्ड्यात ओल्दा उतरेल. दिवा हानाक धरतील. कोणता बोल्ट आधी ते ओल्दा मला खालून विचारील आणि मी वरून सांगेन. हे कलम मृत्यूनंतर लागू होणारं नसल्यामुळे मृत्युपत्रात बसत नाही, असं नोटरीबाई म्हणतील. राहू द्यावं.

कलम ८. गाडीतला माझा हिस्सा ओल्दाला. खालचा, वरचा, जो काही कायद्यात असेल तो. अट एकच. त्याने ती गॅरेजमध्ये झाकून ठेवू नये, चालवावी. उभ्या गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर गळतात आणि उभ्या माणसाचे गुडघे.

कलम ९. नोटरीबाईंनी सुचवलं आहे की शेवटच्या कलमात मन मोठं करावं, म्हणजे मागे राहिलेल्यांना बरं वाटतं. मी मंगळवारनंतर नसले तर त्या सीटवर कोणी बसावं, हा प्रश्न आहेच. एकट्याने नकाशा वाचून गाडी चालवता येत नाही, आणि ओल्दाला तर डावंउजवंही नीट कळत नाही. ब्लांका नकाशा चांगला वाचते, हे मी मान्य करते. "माझ्यामागे ब्लांका मारेशोव्हा यांनी बसावं" हे वाक्य मी तीनदा टाइप केलं आणि तीनदा कागद काढून फाडला. मला ते जमत नाही. तिने बसावं असं मी म्हणत नाही. बसू नये असंही लिहीत नाही. परवानगी माझ्याकडून नाही. मी फक्त तिथे नसेन.

हे सर्व मी स्वतः टाइप केलं, वाचलं, आणि हीच माझी शेवटची इच्छा असल्याचं खालील दोघांसमोर, दोघेही एकाच वेळी हजर असताना, तोंडी सांगून सही केली.

व्सेतीन, गुरुवार, दि. १२ मे २०१६

लिबुशे कोझेलोव्हा (सही)

साक्षीदार:

१. सिल्व्हेस्टर हानाक, शेजारचं गॅरेज (सही)
मजकूर मला वाचून दाखवला नाही, पण लसणाचं कळलं.

२. झोरा केलारोव्हा, खालच्या मजल्यावरची शेजारीण (सही)